जनावराचं गणित

आप्पा,

शनिवारी विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलला. सरपंच म्हणाले, "डॉक्टरसायबांनी कुनाला कवा गप बसवलं न्हाई. लाजू नगा, इचारा, आसंच म्हनायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग थोरली लेक म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, तुमच्या फोटोकडे पाहिलं आणि तशीच खाली बसले. बायकांना वाटलं, पोरीचा गळा दाटून आला. शेजारच्या मावशींनी पदरानं माझे डोळे पुसायला घेतले, तर डोळे कोरडे. मला रडू येत नव्हतं आप्पा, राग आला होता. तोंड उघडलं असतं तर त्या भरल्या विहारात नको ते बोलून बसले असते. म्हणून आज, तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाल्यावर, कागदावर बोलतेय. आता तुम्ही मला मधेच उठवून "शाळेला उशीर होतोय" असं म्हणू शकत नाही.

हे वाक्य तुमच्या लक्षात असेल का? माझ्या लक्षात आहे.

लोक तुम्हाला डॉक्टर म्हणायचे. खरं तर तुम्ही स्टॉकमन, राहू गावच्या गुरांच्या दवाखान्यातले. आपली राहायची खोली दवाखान्याच्या पाठीला, आणि चुलीपुढच्या खिडकीतून समोरच खोडा दिसायचा. गाय हलू नये म्हणून तिला उभी करायची ती लाकडी चौकट. पुण्याहून एस.टी.नं बर्फात घातलेला थर्मास यायचा, त्यात वळूचं बीज. गाय माजावर आली की लोक तिला वळूकडे न्यायच्या ऐवजी तुमच्याकडे आणायला लागले. आधी हसायचे. बिनबापाची वासरं म्हणायचे. तुम्ही चिडला नाहीत. बाही खांद्यापर्यंत सारायचात, हाताला साबण लावायचात आणि गाय तपासता तपासता त्यांना शिकवायचात.

"कवा आली माजावर? सकाळी? मग सांजच्याला भरू. चिकट सोट कसा टाकतीया, काचेवानी का गढूळ? आन् रगत दिसलं का? दिसलं? मग माज उलटला, आता काय उपेग न्हाई. पुढच्या माजापत्तोर थांबा."

गरम पाण्याची बादली आणि साबण घेऊन शेजारी उभी असायची ती मी. दहा वर्षांची. मला तुम्ही कधी तिथून हाकललं नाही. उलट कॅलेंडरवर खुणा करायचं काम माझं. बियाण्याच्या दुकानातून मिळालेलं ते मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर दवाखान्याच्या भिंतीवर असायचं. गाय माजावर आली त्या दिवसाला गोल. मग दोन दिवसांनी तिच्या शेपटीला रक्ताचा डाग दिसला, तर त्या दिवसावर फुली. पुढच्या माजासाठी गोलापासून एकवीस मोजायचे. "कुसुम, ध्यानात ठेव," तुम्ही म्हणायचात, "फुलीच्या आधी गोल. गाय धरायची, गाभण राहायची, ती गोलात. फुली पडली की दार बंद." शेतकऱ्यांच्या पोरांनाही ते पाठ झालं होतं. फुलीच्या आधी गोल. शाळेतल्या पाढ्यांपेक्षा मला ते आधी पाठ झालं, आणि ते बरोबरही होतं. गायीसाठी.

तेरावं लागलं होतं तेव्हाची गोष्ट. तुमचा हात गायीच्या आत होता, गायीचा मालक पलीकडे तंबाखू मळत उभा होता. मी विचारलं, "आप्पा, बाईचंपण असंच असतं का?" तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. मालकाकडे पाहिलंत. तो तोंडावर हात ठेवून हसला. तुमचे कान लाल झाले. मग तुम्ही म्हणालात, "शाळेला उशीर होतोय. जा."

मी गेले. शाळा केव्हाच सुटली होती, पण मी दप्तर घेतलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. काहीतरी घाण बोलले एवढं कळलं. दुसऱ्या दिवसापासून बादली आईनं आणून ठेवायला सुरुवात केली. मला खोड्याकडे यायचं नाही असं तुम्ही सांगितलं नाही, आईकडून सांगवलंत.

सगळं तसंच होतं ना तुमचं? त्याच वर्षी मला पाळी आली. आईनं जुन्या लुगड्याच्या घड्या हातात दिल्या आणि म्हणाली, "आप्पांना कळू देऊ नगंस." तुम्हाला कळलंच. गावात सगळीकडे पोरीबाळी चार दिवस बाजूला बसायच्या. आपल्या घरात ते चालणार नाही असं तुम्ही ठरवलंत, आणि ते करून दाखवलंत. आजही मी ते विसरलेली नाही. शेजारणी आईला नावं ठेवायच्या, तरी मी चुलीपाशी बसून सगळ्यांबरोबर जेवले. पण ते कसं झालं ते आठवतं का? तुम्ही ओट्यावर, मी आतल्या खोलीत, मधे आई. "तिला म्हणावं, चुलीपाशी ये. बाजूला बसायचं कारण नाही." मला सगळं ऐकू येत होतं. पाच पावलांवर होते मी. आई आत आली आणि मला म्हणाली, "आप्पा म्हणत्यात, चुलीपाशी ये." एवढी मोठी रूढी मोडणाऱ्या माणसाला आपल्या पोरीला "ये" म्हणता येऊ नये?

तुम्हाला बोलता येत नव्हतं असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. ज्या घरांत तुमच्यासाठी कप वेगळा, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा, तिथं त्यांची अडलेली गाय सोडवून झाल्यावर तुम्ही हसत विचारायचात, "पाटील, गाईत हात घातल्याला चालतोय, मग कपानं काय घोडं मारलंय?" समोरचा खाली बघायचा. चहा तुम्ही प्यायचा नाहीत, आणि दुसऱ्या वेळी बोलावलं तर पुन्हा जायचात. दोनतीन घरांतले कप आत गेले ते तुमच्या जिभेमुळं. ती जीभ घरात आली की तिला काय व्हायचं? दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला होता, हाताएवढ्या अक्षरांत. त्याच भिंतीच्या आत रेडिओवर त्या त्रिकोणाची माहिती सुरू झाली की तुम्ही उठायचात, "गाय का हंबरतीया बघतो" म्हणून. गाय कधीच हंबरत नसायची. आई तवा आपटायची, आणि मी पुस्तकात तोंड घालायची. सगळ्या घरानं मिठाची गुळणी धरलेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण तुमच्याच तोंडची, पुढचं मी लिहीत नाही.

मी मॅट्रिक झाले. पेढे तुम्ही खोड्यापाशी वाटलेत. डी.एड.ला शिरूरला प्रवेश मिळाला आणि त्याच उन्हाळ्यात शिक्रापूरचं स्थळ आलं. मुलगा ट्रकच्या गॅरेजात मेकॅनिक, निर्व्यसनी. बोलणी करायला बसल्यावर तुम्ही एकच अट घातली. "पोरीची दोन वर्षं मला द्या. कोर्स पुरा हुईपर्यंत लेकरू नको." बैठकीतले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले, पण सासऱ्यांनी मान्य केलं. मला तुमचा इतका अभिमान वाटला आप्पा. भरल्या बैठकीत बापानं असं बोलावं! आतल्या खोलीत मी ऐकत होते आणि मला वाटलं, आता हे मला बोलावतील आणि कसं ते सांगतील. नाहीतर आईकरवी सांगतील. लग्नापर्यंत सव्वा महिना होता. तुम्ही मांडवाचं बोललात, पाहुण्यांच्या जेवणाचं बोललात, सकाळची शिरूरची एस.टी. किती वाजता असते ते बोललात.

दोन वर्षं लेकरू नको. कसं नको, ते कुणी सांगायचं होतं?

तुमच्या जावयांना माझ्याएवढंही माहीत नव्हतं. ट्रक ड्रायव्हरांनी थट्टेत सांगितलेलं तेवढंच. शिक्रापुरात दुकानात जाऊन निरोध मागायची त्यांची छाती नव्हती, दुकानदार त्यांच्या चुलत्याचा मित्र. सासूबाईंना विचारणं शक्यच नव्हतं. मग मीच ह्यांना म्हणाले, काळजी करू नका, मला गणित येतं. आणि मला येत होतं, की नाही आप्पा? सगळ्या राहूत माझ्याइतकं कुणाला येत होतं? फुलीच्या आधी गोल. पाळीच्या दिवसांवर मी फुल्या मारल्या. त्यांच्या आधीच्या पाच दिवसांना गोल केले, ते जोखमीचे. फुल्या संपल्या की दार बंद, दोन आठवडे मोकळे. आमच्या खोलीच्या दारामागं मी ते कॅलेंडर टांगलं. ह्यांना मी समजावून सांगितलं तेव्हा ते थक्क झाले. "शिकल्याली बायको करावी ती आसली," असं म्हणाले. ते हसणं अजून डोळ्यांपुढं आहे. आम्ही दोघं किती नेमानं वागलो म्हणून सांगू. गोलाच्या दिवशी मी सासूबाईंजवळ झोपायची.

चौथ्या महिन्यात फुली पडलीच नाही.

एस.टी.त मला ओकाऱ्या व्हायला लागल्या. वर्गात हजेरी कमी पडली. पाठ घ्यायला उभी राहिले की चक्कर यायची. बाळंत होऊन पुढच्या वर्षी पुन्हा ये, असं बाई प्रेमानं म्हणाल्या. पुढच्या वर्षी दुष्काळ होता, सुजाता मांडीवर होती आणि गॅरेजचं काम अर्ध्यावर आलं होतं. मी पुन्हा गेले नाही. माझ्या वर्गातल्या मुली आज शिरूर तालुक्यातल्या शाळांत मास्तरणी आहेत. त्या एस.टी.त भेटतात, पोरांच्या वह्या मांडीवर घेऊन तपासत असतात. मी खिडकीबाहेर बघते.

तुम्हाला बातमी कळली आणि तुम्ही शिक्रापूरला आलात, तो दिवस मला मिनिटामिनिटाचा आठवतो. उभ्या उभ्याच बोललात. "एकच गोष्ट मागितली हुती तुझ्याकडं. दोन वर्षं धीर धरवला न्हाई? एवढी घाई?" तेही ह्यांच्यापुढं, सासूबाईंपुढं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. काय सांगणार होते? घाई नव्हती आप्पा, गोल चुकले, असं? मी आमच्या खोलीत गेले नि दार लावून उभी राहिले. तुम्ही पाणी मागितलंत. मी तांब्या घेऊन आले, तेव्हा बाहेर सताड उघडलेल्या दाराच्या आतल्या बाजूला टांगलेलं कॅलेंडर तुमच्या समोर आलं होतं. तुम्ही ते बघत होता. पुढचं पान उलटलंत, मग मागचं. मला वाटलं, तारीख बघताय, पुढच्या फेरीची. तुम्ही पाणी प्यालात, तांब्या खाली ठेवलात, आणि जेवायलाही न थांबता निघून गेलात.

आठ वर्षं होत आली त्याला. त्यानंतर तुम्ही मला त्याबद्दल एका शब्दानं बोलला नाहीत, चांगलं नाही की वाईट नाही. मी माहेरी आले की तुम्ही दवाखान्यात. कुणी पाहुणा म्हणाला, "थोरलीनं कोर्स सोडला व्हय? घाई झाली वाटतं," तर तुम्ही पानाला चुना लावत बसायचात. नाही म्हणाला नाहीत. मला वाटायचं, आप्पांनी मनातून टाकलं मला. मी ते धरून जगले. दुसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशन करून घेतलं, संसार केला, ह्यांनी मला कधी टोचलं नाही. पण तुमच्यापुढं ताट वाढताना मी मान वर करायची नाही.

आणि मग गेल्या गुरुवारी कासुर्डीचा बबन आला, दुखवट्याला.

तुम्ही ओळखत होता त्याला, दोन जर्सी गायींचा बबन. आता तिशीचा असेल. ओट्यावर ह्यांच्याशी बोलत बसला होता. मी चहा घेऊन दारापर्यंत गेले आणि त्याचा आवाज खाली आला म्हणून थांबले. पुरुषांचा आवाज खाली आला की बाईनं थांबायचं, हे तुमच्या घरात शिकले होते.

"डॉक्टरसायबांचं लई उपकार हायती," तो सांगत होता. "दुष्काळ सरला त्या साली माझं लगीन ठरलं हुतं. गाय घिऊन आलो तर पोरं थट्टा करत हुती. कोन तरी म्हनलं, बबन्या, आता फुलीच्या आदी गोल बघून संसार कर. आमी हसलो. तर डॉक्टरसायब आसं तडकलं! हात धुतलं आन् मला त्या लिंबाखाली न्हेलं. म्हनलं, जनावराचं गनित घरात लावू नगंस. बाईचं निराळं आसतंय. दोन पाळीच्या मधलं दिस जोखमीचं. पाळी सरली म्हंजी मोकळं रान, आसं समजून बसू नगंस. ह्या गनितापायी एका हुशार पोरीचं शिक्षान बुडालंय."

ह्यांनी विचारलं, "कुनाची पोर?"

"मीबी इचारलं की. सायब तोंड फिरवून हुबं ऱ्हायलं. मग म्हनलं, चूक पोरीची नव्हती."

चहा बशीत सांडला. ह्यांनी वळून दाराकडे पाहिलं, त्यांचा चेहरा उतरला होता. बबनला काही कळलं नाही. तो सांगतच होता, की लग्न ठरलेलं पोरगं गाय घेऊन आलं की डॉक्टरसायब आधी त्याला लिंबाखाली न्यायचे, मग गायीला हात लावायचे. तालुक्यातल्या कितीतरी पोरांना त्यांनी सांगितलं म्हणे.

म्हणजे त्या दिवशी तुम्ही तारीख बघत नव्हता. तुम्ही माझे गोल बघत होता. तुमच्याच खुणा, तुम्हीच शिकवलेल्या, तुम्हाला वाचता आल्या नसत्या तर नवल. पाणी पिताना तुम्हाला सगळं कळलं होतं. मग तुम्ही कुणाला तरी विचारलं असेल, कुठलं तरी पुस्तक मिळवलं असेल, बाईचं खरं गणित काय ते नीट समजून घेतलं असेल. माझ्यासाठी केलंत ना ते? त्या विचारानं गुरुवारी दुपारी मोरीत बसून मी एकदा रडले. तेवढंच. कारण पुढचा विचार आला, की चूक पोरीची नव्हती हे वाक्य तुमच्याकडे होतं. तयार होतं. तुम्ही ते कासुर्डीच्या बबनला दिलंत, लिंबाच्या झाडाला ऐकवलंत, आणि मला आठ वर्षं ताट वाढायला लावलंत. लाज तुमची होती आप्पा आणि शिक्षा मी भोगली. राहूपासून शिक्रापूर किती लांब आहे? एका एस.टी.चं अंतर. एवढं एक वाक्य घेऊन यायचं होतं.

मी स्वतःला सोडते असं समजू नका. मीही बोलू शकले असते. "आप्पा, गणित तुमचं होतं," इतकंच. दर दिवाळीला ते माझ्या जिभेवर यायचं आणि मी विचारायची, "भाजी वाढू?" तुमची मुलगी शोभते खरी.

हे सगळं मी गिळलं असतं. शनिवारी विहारात गिळलंच. पण काल रविवारी सकाळी मी मंगलला घेऊन बसले. धाकटी तुमची, सोळाची झाली. पुढच्या महिन्यात तिला बघायला येणार आहेत, ते तुम्हीच ठरवून गेलात. मी म्हटलं, मंगल, तुझ्याशी थोडं बोलायचंय, लग्नानंतरचं. ती लाजली नाही. उठून तिनं आपली पत्र्याची पेटी ओढली आणि झाकण उघडलं. झाकणाच्या आत कॅलेंडर चिकटवलं होतं. फुल्या, आणि फुल्यांच्या आधी गोल.

"ताई, मला सगळं ठावं हाय," ती म्हणाली. "आप्पांना पानी न्हेऊन द्यायची तवाच शिकले. आत्तापास्नंच मांडून बघतीया. मी बी दोन वर्षांची आट घालनार. तुझ्यावानी घाई न्हाई करायची मला."

आप्पा, तिनं बादली उचलायला सुरुवात केली तेव्हा सुजाता दोन वर्षांची होती. तुम्हाला सगळं माहीत होतं. तालुक्यातल्या पोरांना लिंबाखाली नेत होता आणि त्याच खोड्यापाशी, त्याच बादलीशेजारी उभ्या असलेल्या आपल्या पोरीला तेच शिकू देत होता. तिचं ते कॅलेंडर बघून मी तुमच्या नावानं जे बोलले ते इथं लिहीत नाही. मंगल घाबरली. मग मी तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, मला घाई नव्हती, माझ्याही दाराला हेच टांगलेलं होतं.

सांगायला बसले तर मला शब्दच सापडेनात. बाईच्या शरीराचे शब्द मला कुणी दिलेच नव्हते. होते ते सगळे खोड्यापाशी ऐकलेले. शेवटी तेच वापरले. माज म्हटलं, बीज म्हटलं, धरणं म्हटलं, आणि प्रत्येक वेळी सांगितलं, की गाईचं असं, पण आपलं असं नाही. मधले दिवस दाखवले. आणि हेही सांगितलं, की त्या मोजण्यावरसुद्धा डोळे झाकून विसंबू नको, नर्सबाईंना जाऊन विचार, नवऱ्याला घेऊन जा, मी येते बरोबर. मंगल आधी ऐकत होती, मग तिनं पेन्सिल घेतली आणि गोल खोडायला लागली. कागद फाटेपर्यंत खोडत होती.

आई दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. मला वाटलं, आता म्हणेल, हळू बोला, लोक ऐकतील. तिनं दार लावलं आणि आमच्याजवळ खाली बसली.

"तुझ्या लग्नाच्या आधी मला म्हनलं हुतं तुझं आप्पा," ती म्हणाली. "थोरलीला काय ते सांग. मी म्हनलं, काय ते म्हंजी काय? तर म्हनलं, तुला ठावं आसंल की." तिनं पदर तोंडाला लावला. "मला काय ठावं आसनार बाई? पाच बाळंतपणं झाली, दोन राहिलीसा तुमी. मला तरी कुनी काय सांगितलं हुतं?"

काय ते. आप्पा, तुम्ही माझ्यासाठी एवढाच शब्द खर्च केलात, आणि तोही आईच्या हाती पाठवलात. चुलीपाशी ये म्हणून पाठवला होतात तसाच. त्या वेळी पोचला, ह्या वेळी नाही पोचला. आईकडे बघून माझा राग क्षणभर बसला आणि मग दुप्पट होऊन उठला, कारण आईनं विचारलं, "मधलं दिस म्हंजी नेमकं कुटलं?" पन्नाशीला आलेल्या बाईनं. मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती बोटांवर मोजत होती, आता कशासाठी ते मला माहीत नाही.

इतक्यात सुजाता दार ढकलून आत आली. सात वर्षांची आहे, तुम्हाला माहीतच आहे कशी आहे ती, सगळ्यात नाक खुपसते. आम्हा तिघींकडे बघितलं, फाटक्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, कशाचे दिवस मोजताय?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "शाळेला उशीर होतोय. जा."

मंगल माझ्याकडे बघत राहिली.

"आई, आज रविवार आहे," सुजाता म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. आपण काहीतरी घाण बोललो एवढं तिला कळलं होतं. ती वळली आणि दाराकडे चालायला लागली, आप्पा, अगदी मी गेले होते तशीच, काही न विचारता.

ती उंबऱ्यापर्यंत पोचली होती. मी हाक मारली. ती थांबली, पण वळली नाही, म्हणून मी उठले, तिचा हात धरून तिला आत आणलं आणि आम्हा तिघींच्या मधे बसवलं.

"विचार," मी म्हटलं. "काय विचारत होतीस?"